मागवणारा आणि घेणारा

बारामती,
६ जानेवारी १९९९

सौ. सुकन्या सबनीस यांस,
सप्रेम नमस्कार.

आपण ४ तारखेला आमच्या इंटरनेटवरील पानावरून एक घोंगडी मागवलीत, ती ऑर्डर मिळाली. बंगलोरहून आलेली ही पहिलीच. आभारी आहे.

माझी ओळख करून देतो. मी झुंबर तुकाराम कोकरे, बारामतीत टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान चालवतो. घोंगड्या कळंबचे आबाजी विणतात. ते माझे आत्येभाऊ. विणणे त्यांचे, विकणे माझे. पान पुण्याच्या एका स्नेह्यांच्या मशीनवर ठेवलेले आहे, पण त्यातली ओळ अन् ओळ माझ्या हातची. शिक्षण विचाराल तर नववी नापास. इंग्रजी पुस्तक डाव्या हाताला, डिक्शनरी उजव्या हाताला, असे करून शिकलो. कुणाला विचारायला गेलो नाही.

पाठवणीचे पर्याय आपण पाहिलेच असतील. साधे पार्सल, रजिस्टर पार्सल, व्ही.पी. (म्हणजे पोस्टमन माल देताना पैसे घेतो ते) आणि एस.टी.ने. वजन आणि गाव घातले की खर्च आपोआप निघतो. पुण्याच्या मोठ्या दुकानांच्या पानांवरसुद्धा एकच पर्याय असतो. मी पाहिले आहे.

दोन शंका आहेत. पहिली, आपण बंगलोरला राहता आणि माल कऱ्हाटीला, भामाबाई दादासाहेब मदने यांच्याकडे पाठवायला सांगता. पत्ता बरोबर आहे ना? दुसरी, शेऱ्याच्या रकान्यात आपण इंग्रजी अक्षरांत "माहेरचे नाव घाला" असे लिहिले आहे. कुणाचे माहेर आणि नाव कुठे घालायचे? आबाजींना विचारले तर ते म्हणाले, "काठावर नाव विणायला ती काय स्टीलची कळशी हाय व्हय?" तरी खुलासा करावा. अर्धवट मजकुरावर मी माल काढत नाही.

आपला,
झुंबर कोकरे


बंगलोर,
१३ जानेवारी १९९९

श्री. झुंबर कोकरे यांस,
नमस्कार.

तुमच्या पानावर मराठी उमटत नाही, आणि ऑफिसच्या मशीनवर जास्त वेळ काही लिहीत बसलं की शेजारचे मान लांब करून वाचतात. म्हणून रकान्यात तेवढंच लिहिलं. इथं सगळं लिहिते, नाहीतर तुमचे आबाजी खरंच काठावर विणतील.

पत्ता बरोबर आहे. भामाबाई मदने माझी आई. मी कऱ्हाटीची. पाच वर्षांपूर्वी मी अद्वयशी रजिस्टर लग्न केलं, जातीबाहेर, आणि घराचं दार बंद झालं. दोन वर्षांपूर्वी दादा गेले. माझे वडील. मला तार तिसऱ्या दिवशी मिळाली. पोचले तेव्हा माझे चुलते, अप्पा, उंबऱ्यात उभे होते. म्हणाले, "आता कशापायी आलीस? ज्याला तोंड दाखवायचं त्यो गेला." आई त्यांच्या मागं उभी होती. एक शब्द बोलली नाही. मी त्याच एस.टी.नं परत फिरले. ती भीतीनं गप्प राहिली की तिच्याही मनात तेच होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

दादांना घरातल्या एकुलत्या घोंगडीवरूनच नेलं, असं नंतर कानावर आलं. म्हणजे आई आता कशावर निजते कोण जाणे. म्हणून घोंगडी.

पाठवणाऱ्याच्या जागी माझं माहेरचं नाव घाला: सुकन्या दादासाहेब मदने. आईला वाचता येत नाही, पण पोस्टमन दारात नाव मोठ्यानं वाचतो. दुपारी अप्पा रानात असतात, तेव्हा ती एकटीच असते. नाव ऐकून घ्यायचं की नाही, हे तिचं तिनं ठरवावं. आत चिठ्ठी नको, ती वाचायला अप्पांकडेच जाणार. सोबत माझ्या मुलीचा, वैदेहीचा फोटो पाठवते, तो घडीत घाला. तीन वर्षांची आहे. नाक आईचं घेतलं आहे.

आईनं पार्सल घेतलं तर मेच्या रजेत मी वैदेहीला घेऊन कऱ्हाटीला जाणार. परत आलं तर त्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही. मला एवढंच कळायचं आहे.

एक विचारते. कुणी माणूस जाऊन हातात देईल, असा पर्याय तुमच्या पानावर नाही. बारामतीहून कऱ्हाटी तासाभराची वाट. जमत असेल तर बरं होईल. नसेल तर रजिस्टर पार्सल, मी निवडलं होतं तसं. ड्राफ्ट जोडला आहे.

आपली,
सुकन्या सबनीस


बारामती,
२५ जानेवारी १९९९

सौ. सुकन्याताई यांस,
सप्रेम नमस्कार.

आपले पत्र, ड्राफ्ट आणि फोटो पोचले. खुलासा झाला. फोटो गुळगुळीत कागदात गुंडाळून तिसऱ्या घडीत ठेवला आहे, म्हणजे घोंगडी पसरली की आपोआप पुढे येईल. माल स्वतः तपासला. काळी, बारा हाती, काठ पांढरा. एके ठिकाणी गाठ वर आली होती, ती आबाजींकडून पुन्हा बसवून घेतली. त्यांचा वैताग झाला. "पाठीखाली गेल्यावर गाठ कुणाला दिसतीया?" म्हणाले. मी म्हटले, मला दिसली ना.

हाती पोचवण्याबद्दल. पूर्वी आबाजी खांद्यावर चार घोंगड्या टाकून स्वतः गावोगाव जात. ज्याच्या घरी माल द्यायचा त्याच्या घरी पाणी, मग चहा, मग जेवण, मग त्याच्या सोयरिकीची चर्चा, आणि दुसऱ्या दिवशी परत. घोंगडी स्वतः पसरून घरच्या माणसाला तिच्यावर बसवल्याशिवाय ते उठत नसत. पान सुरू केले तेव्हा मी हा प्रकार बंद केला. मालाबरोबर माणूस गेला की वेळेचे गणित राहत नाही. तरी आपण सांगितलेत म्हणून मी मनाशी विचार केला. पण एकाला सवलत दिली की नियम मोडतो. तेव्हा क्षमा असावी.

काळजी मात्र नसावी. पार्सल आज सकाळी अकरा चाळीसला बारामती पोस्टात पडले. वजन तीन किलो दोनशे. मांजरपाटात शिवून चार ठिकाणी लाख लावली आहे. पावती नंबर २१७. आज एकूण अकरा पार्सले गेली. पत्त्याची चिठ्ठी, पोस्टाचा फॉर्म, सगळे मशीन नियमाप्रमाणे छापते, मी फक्त चिकटवतो. मधे माणसाचा हात नाही, म्हणून चूक नाही.

पोच आली की कळवतो.

आपला,
झुंबर कोकरे


बारामती,
११ फेब्रुवारी १९९९

सौ. सुकन्याताई यांस,
नमस्कार.

कळवण्यास वाईट वाटते की पार्सल काल परत आले. पोस्टाचा शेरा "घेण्यास नकार" असा आहे. तारीख ३ फेब्रुवारी. आपल्या मातोश्रींनी स्वतःच नकार दिला, असे पोस्टमनकडून समजले. घरी दुसरे कोणी नव्हते.

माल सुस्थितीत आहे. शिवण उसवलेली नाही. आमच्या बाजूने पॅकिंग, पत्ता, वजन सर्व बरोबर होते. पाठवणीचे चारही पर्याय गेले आठ महिने चालू आहेत आणि आजवर कुणाची तक्रार नाही. पुण्याचे स्नेही हे पान आणखी दोघा व्यापाऱ्यांना दाखवणार आहेत, ते म्हणतात झुंबरराव, तुमच्यासारखे पर्याय कुणी बसवले नाहीत. असो. हे आपल्याला सांगण्याचे कारण नव्हते.

मालाचे काय करावे ते कळवावे. ड्राफ्टचे पैसे परत पाठवतो.

आपला,
झुंबर कोकरे


बंगलोर,
१९ फेब्रुवारी १९९९

श्री. कोकरे काका,

पैसे पाठवू नका. तुम्ही तुमचं काम चोख केलंत. पोच मागितली होती, पोच मिळाली.

घोंगडी कुणा गरजू माणसाला देऊन टाका. फोटोही ठेवू नका.

आईला एक शेवटचं पत्र टाकलं आहे. पाकिटावर माझा पत्ता घातला नाही. अप्पा वाचून दाखवोत की आणखी कुणी, आता मला फरक पडत नाही. मेची रजा आम्ही रद्द केली.

तुमचा फार वेळ घेतला.

सुकन्या


बारामती,
४ मार्च १९९९

सौ. सुकन्याताई,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. पहिली दोन टाईप केली होती. ती इतकी नीटनेटकी दिसत होती की फाडून टाकली. हे हातानं लिहितो.

तुमच्या आईनं तुम्हाला नाकारलं नाही. चूक माझी आहे. आणि ती चूक मला ११ फेब्रुवारीचं पत्र लिहिताना माहीत होती.

पार्सल व्ही.पी.नं गेलं होतं. तुम्ही रजिस्टर निवडलं होतं, ड्राफ्टही आधीच पाठवला होता, तरी ते व्ही.पी.नं गेलं. डिसेंबरात मी पानाच्या मागं एक नियम बसवला होता: पत्ता बारामती किंवा इंदापूर तालुक्यातला असेल तर गिऱ्हाईक काहीही निवडो, माल व्ही.पी.नंच जाईल. भवानीनगरच्या दोघांनी माल घेऊन तोंड फिरवलं होतं, त्यांच्यासाठी हा बंदोबस्त. पण मी धरून चाललो की जो मागवतो तोच घेतो. मागवणारी बंगलोरला आणि घेणारी कऱ्हाटीला, असं कुणी लेक आईला काही पाठवील, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आणि व्ही.पी.चे पैसे दुकानाकडं यायचे असतात, म्हणून मशीननं पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं माहेरचं नाव काढून माझ्या दुकानाचं नाव छापलं. मी चिकटवलं. तुमचं पत्र टेबलावर उघडं होतं. मी तुम्हाला पावतीचा नंबर उतरवून पाठवला, त्याच पावतीच्या कोपऱ्यात व्ही.पी. असं लिहिलेलं होतं. नंबर पाहिला, कोपरा पाहिला नाही.

म्हणजे पोस्टमननं दारात तुमचं नाव घेतलंच नाही. कोकरे टायपिंग, बारामती, इतकं म्हणाला आणि पैसे मागितले. कोणतीही शहाणी बाई जे म्हणेल तेच त्या म्हणाल्या.

पार्सल परत आलं तेव्हा फॉर्म वरच चिकटलेला होता. मी पाहिला आणि समजलो. तरी तुम्हाला लिहिलं की आमच्या बाजूनं सर्व बरोबर होतं. माझ्या नियमात खोट निघाली, हे लिहायला हात वळेना. नववी नापास माणसाकडं दुसरं काय असतं, ताई? चूक करत नाही, एवढीच अब्रू असते. पण ही सबब नव्हे. पुढचं ऐका, ते याहून वाईट आहे.

परवा भामाबाई दुकानात आल्या.

मी ओळखलं नाही. विटकं लुगडं, हातात पिशवी. दारातूनच विचारलं, "कोकरे टायपिंग हेच का?"

"हेच. काय टाईप करायचंय?"

"टाईप न्हाय. तुमीच का पार्सल धाडलं व्हतं कऱ्हाटीला? मदन्यांच्यात?"

मी हो म्हणालो की नाही, आठवत नाही.

"मी काय मागवलं न्हवतं बरं का. पोस्टमन म्हणला पैसं द्या. म्हणलं, ज्यानं मागवलं त्याला जाऊन सांग. आता नाव वळखीचं तेवढं तुमचंच, म्हणून आले." आणि पिशवीतून पाकीट काढलं. "हे वाचून द्या. माझ्या लेकीचं हाय."

"वाचता येतं का तुम्हाला?" मी विचारलं. कशाला विचारलं देव जाणे.

"वाचाया कशाला लागतंय? तिचा म असाच पोट फुगल्यागत असतोय. शाळंच्या वहीत बघितलाय की मी. घरी दीर हायेत, पर त्येंच्याकडं न्हाय द्यायचं मला."

मी पत्र उघडलं. तुम्ही लिहिलेलं पहिलंच वाक्य, "आई, घोंगडी पाठवली ती तू दारातून परत केलीस." त्याखाली, अप्पांच्या मागं गप्प उभी होतीस तेव्हा तू भितेस अशी समजूत घातली, पण या वेळी एकटी होतीस, आता समजूत घालायला काही उरलं नाही. वैदेहीनं आजी विचारली तर सांगीन, नाही. हे सगळं मी डोळ्यांनी वाचलं. आणि तोंडानं वाचलं ते इतकंच, "वैदेही जूनपासून बालवाडीत जाईल." हे वाक्य तुमच्या पत्रात होतं. मी खोटं एक अक्षर वाचलं नाही. बाकीचं गिळलं.

"वैदेही म्हंजी?" त्यांनी विचारलं.

"तुमची नात."

त्या स्टुलावर बसल्या. "नात," म्हणाल्या. मग कागदाकडं बोट करून, "एवढंच? कागद तर भरलाय की सगळा."

"बाकी क्षेमकुशल," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि गेल्या. तुमचं पार्सल माझ्या पाठीमागच्या फळीवर होतं, ताई. आत फोटो होता. त्यांच्यापासून चार हातांवर. मी फक्त मागं वळायचं होतं. पण ते हातात दिलं की का परत आलं होतं ते सांगावं लागणार, म्हणून वळलो नाही.

तुम्ही सांगाल ते करतो. तो नियम मी काढून टाकला आहे.

झुंबर कोकरे


बंगलोर,
११ मार्च १९९९

श्री. कोकरे,

तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा हसले, मग अद्वयनं येऊन माझ्या हातातून काढून घेतलं.

तुम्हाला कळतंय का, मी काय लिहून बसले आहे माझ्या आईला? तुमच्या एका ओळीवर विश्वास ठेवून लिहिलं. आणि ती ते घेऊन तुमच्याकडेच आली. तुमच्याकडेच! आणि तुम्ही माझ्या पत्रातलं एक वाक्य तिला खाऊ दिल्यासारखं देऊन वाटेला लावलंत. मला विचारताय काय करू म्हणून? बारामतीहून कऱ्हाटी तासाभराची वाट आहे, हे मी जानेवारीत लिहिलं होतं. पत्रानं परवानगी मागण्यात आणखी आठ दिवस घालवलेत.

तुम्हाला पर्याय बसवायची हौस आहे ना, मग आता माझे बसवा. पार्सल पोस्टानं जाणार नाही, एस.टी.च्या टपावरून जाणार नाही, तुमच्या मांडीवरून जाईल. अप्पा घरी असतील तर असू देत, पण द्यायचं आईच्या हातात. देण्याआधी माझं पत्र तिला पूर्ण वाचून दाखवायचं, पहिल्या शब्दापासून. मी लिहिलेलं सगळं. ते माझं पाप आहे, तुम्ही गिळायचं कारण नाही. मग व्ही.पी.चं सांगायचं, आणि ११ फेब्रुवारीला तुम्हाला काय माहीत होतं तेही. आणि मग ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहून मला पाठवायचं. सुधारायचं नाही. तुमच्याबद्दल बोलली तरी गाळायचं नाही.

ती काहीच बोलली नाही, तर तसं लिहा.

सुकन्या


कऱ्हाटी,
१८ मार्च १९९९

सुके, पोरी,

ह्यो माणूस आलाय. पार्सल मांडीवर घिऊन आलाय. मी बोलतीया आन् त्यो लिवतोय. त्येला म्हणलंय, मी खोकले तर त्ये बी लिवा.

त्येनं तुझं पत्र सगळं वाचलं. वाचताना दोन येळा थांबला. म्हणलं, वाचा, थांबू नगा, मला ठावं हाय काय हाय त्यात. मला त्या दिशीच कळलं व्हतं. बारामतीहून आले आन् शेजारच्या कौसल्येकडनं वाचून घेतलं. ती शेजाऱ्यांची सून, बारावी शिकलेली हाय. तिनं वाचलं आन् ती बी रडली. तवा मला समजलं की पार्सलात घोंगडी व्हती आन् ती तुझी व्हती. मग म्हणलं, हा टायपिंगवाला मागल्या फळीकडं पाठ करून का बसला व्हता, त्ये आत्ता कळलं.

तुला लगीच लिवलं असतं पर पाकिटावर तुजा पत्त्या न्हाय. पत्त्या ह्येच्याकडं. ज्यानं निम्मं वाचलं त्येच्या दारात पुन्यांदा कशाला जायचं? म्हणलं बघू, येतोय का. सोळा दिस बघितलं. आज आला. उशिरा आला पर आला. तोंड उतरलंय त्येचं. मी चा दिला, पेला हातात धरून बसलाय, गार झाला चा. ह्ये बी लिवा.

अप्पा घरीच हायेत. हितंच बसल्यात. म्हणले, "कुणाचं पार्सल? ह्या घरात त्या नावाचं काय येणार न्हाय." मी म्हणलं, भावजी, तुमी चा घ्या. त्ये म्हणले, "वैनी, मी काय बोलतोय?" म्हणलं, मी बी बोलतीया, सतरा मानसांत गप बसले ती बसले, आता न्हाय बसायची. तर त्ये उठून शेरडं सोडाया गेल्यात. येतील परत. जेवाया तर हितंच येत्यात.

आता तुजं ऐक. पार्सल मी परत केलं न्हाय. पोस्टमन तुजं नाव म्हणला असता तर पैसं बी दिलं असतं, कौसल्येकडनं उसनं घिऊन. त्ये ह्येच्या मशीनचं पाप. पर सुके, तुजे दादा गेले तवा तू दारात आलीस आन् मी अप्पांच्या मागं हुभी व्हते. मला कुणी तोंड दाबलं न्हवतं. भ्या वाटलं ह्ये खरं हाय, पर दोन पावलं पुढं याया किती येळ लागतोय? तू वळलीस तवा मी तुज्या पाठीकडं बघत व्हते. यष्टी वळणावरनं जाईस्तोवर बघत व्हते. पार्सल परत केलं न्हाय मी, पर तुला परत केलं. ह्ये म्या केलं, मशीननं न्हाय. तू पत्रात लिवलंस त्ये चुकीच्या पार्सलापायी लिवलंस, पर लिवलंस त्ये खोटं न्हाय.

घोंगडी उघडली. ह्या माणसानंच पसरली, आन् म्हणला, बसा तिच्यावर, आमच्यात बसवल्याबिगर जायची रीत न्हाय. मी बसले न्हाय. फोटू तेवढा ठिवून घेतला. ह्यो म्हणला, नाक माजं हाय असं तू लिवलंस. माजं न्हाय, तुज्या दादांच्या आईचं हाय, तुला काय म्हाईत. घोंगडी मी त्येला पुन्यांदा घडी कराया लावली आन् परत न्यायला सांगितली. रागानं न्हाय. मला टपालाची घोंगडी नगं. तू आण. मे म्हयन्यात पोरीला घिऊन ये, बारामतीला उतर, ह्येच्या दुकानातनं घोंगडी घे आन् दारात यिऊन तुज्या हातानं पसर. दारात ह्या बारीला मी म्होरं हुभी आसंन. अप्पा मागं.

जावयाला बी आण. त्येला तिकाट चालतंय का त्ये कळीव.

तुजी आई,
भामाबाई दादासाहेब मदने
(अंगठा)

सुकन्याताई, वरचा मजकूर भामाबाईंनी सांगितला तसा लिहिला आहे. एक शब्द सुधारला नाही, गाळला नाही. लिहून झाल्यावर मी पूर्ण वाचून दाखवला. अंगठ्यासाठी शाई पुढं केली, तर त्या म्हणाल्या, "थांबा." आणि शेजारच्या कौसल्याबाईंना हाक मारली. कागद त्यांच्या हातात दिला. कौसल्याबाईंनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. भामाबाई माझ्याकडं न बघता ऐकत होत्या. मीही उभा राहून ऐकला. सगळा असल्याची खात्री पटली, तेव्हा त्यांनी अंगठा दिला.

झुंबर कोकरे